उलटा थर ओळखायचा कसा?

शाळिग्रामातलं चक्र वज्रकीटक नावाच्या किड्याने कोरलं, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. ते कुणीही कोरलेलं नाही. तो अमोनाइट या समुद्री प्राण्याच्या शंखाचा जीवाश्म आहे. नेपाळच्या काली गंडकीत तो येतो तो हिमालयातल्या काळ्या शेलमधून, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकातून. तसंच शेल हिमाचलातल्या स्पितीतही आहे. तिथल्या थरांची शास्त्रीय मांडणी भूवैज्ञानिक फर्डिनंड स्टोलिच्का यांनी १८६० च्या दशकात केली.

सह्याद्रीत बेसॉल्टचे थर जवळजवळ आडवे, त्यामुळे घाट चढताना ‘खालचा जुना, वरचा नवा’ हा नियम सहसा चुकत नाही. स्पितीत थर वळलेत, उभे झालेत, काही ठिकाणी पालथेही पडलेत. तिथे क्रम लावायला जीवाश्म लागतात. ट्रायासिक काळाच्या तळाशी, सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वीचा, ओटोसेरस हा अमोनाइट. पुढे डाओनेला, हॅलोबिया आणि मोनोटिस हे शिंपले, याच क्रमाने.

समजा, ओढ्याकाठाने चालताना डाओनेला, हॅलोबिया, मोनोटिस आणि पुढे पुन्हा मोनोटिस, हॅलोबिया, डाओनेला असं सापडलं. आरशातल्यासारखा उलटा क्रम म्हणजे वली, थरांना पडलेली घडी. मधला मोनोटिस सर्वांत नवा, म्हणून ही अभिनती, म्हणजे खाली वाकलेली घडी. पण मोनोटिसनंतर थेट डाओनेला येऊन तोच क्रम पुन्हा सुरू झाला, तर मध्ये प्रस्तरभंग आहे, म्हणजे खडक तुटून सरकलाय आणि बहुधा जुना खडक नव्यावर चढलाय. खरी गंमत घट्ट मिटलेल्या वलीत आहे. तिच्या दोन्ही बाजू एकाच दिशेला कलतात, त्यामुळे नुसता उताराचा कोन मोजणारा सगळा एकच जाड थर समजून बसतो. एक बाजू पालथी आहे, हे जीवाश्मच सांगतात.

कोन मोजतानाही फसगत होते. शेल दाबामुळे ज्या पातळीत फुटतं ती पातळी म्हणजे थर नव्हे. जीवाश्म किंवा वाळूची पट्टी ज्या पातळीत पसरलीय, तीच धरायची. हातोडा होकायंत्रापासून लांब ठेवायचा. कोन आला की जाडीचा हिशेब सोपा: सपाट जमिनीवर थर काटकोनात ओलांडत चालून १०० मीटर भरले आणि थराचा उतार ३० अंश असेल, तर खरी जाडी ५० मीटर. १:५०,००० च्या नकाशावर ते चाललेले १०० मीटर म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर, म्हणून पेन्सिलीला टोक हवंच.

जीवाश्म काढण्याआधी थराचा क्रमांक लिहायचा, वरची बाजू बाणाने दाखवायची. पायथ्याच्या दगडगोट्यांतला नमुना कितीही देखणा असला, तरी नकाशाला त्याचा उपयोग नाही. नदीतून आलेल्या शाळिग्रामाचंही तेच: प्राणी ओळखता येतो, पण तो नेमका कुठल्या थरातून निखळला ते कळत नाही.