‘जन्मजात’ की ‘उपजत’? त्वचेच्या विषाणूरोधक यंत्रणेची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात शाळेत ‘प्रतिकारशक्ती’ शिकलेला माणूस दवाखान्यात ‘रोगनिरोधक शक्ती’ हा कन्नड शब्द ऐकतो, आणि वयस्करांच्या मनात दोन्हींनी दंडावरचा देवीच्या लसीचा वणच उभा राहतो. त्या चित्रात त्वचा म्हणजे केवळ सुई टोचण्याची जागा होती; ती स्वतःही विषाणूंशी लढते, हे त्यात नव्हते.

१८६८ साली बाह्यत्वचेत फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या, त्या चेतापेशी समजल्या गेल्या आणि त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी आहेत हे कळायला शतक लागले. १९५७ मध्ये इंटरफेरॉनचा, म्हणजे विषाणू शिरलेल्या पेशी सोडतात त्या विषाणूरोधक प्रथिनाचा, शोध लागला. त्याच वर्षी शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात गोचिडीमार्फत पसरणारा विषाणू सापडला. गोचिडीची लाळ चाव्याच्या जागची त्वचेची हीच संरक्षणयंत्रणा दबवते, हे पुढे कळले.

खरी उलथापालथ १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. विषाणूची जनुकीय सामग्री ओळखणारे ग्राहक (पेशींतली खास प्रथिने) हाती लागत गेले, आणि निव्वळ भिंतीच्या विटा मानलेल्या केरॅटिनपेशींमध्येही, म्हणजे बाह्यत्वचा जिच्यापासून बनते त्या पेशींमध्येही, ते आहेत, त्या स्वतः इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात, हे दिसले.

या यंत्रणेला मराठीत ‘जन्मजात प्रतिकारशक्ती’ म्हणण्याची रीत पडली आणि घोटाळा तिथेच झाला. ‘जन्मजात व्यंग’ म्हणण्याची सवय असलेल्या वाचकाला ती आईबापांकडून मिळालेली, असली तर असली, नाहीतर नाही, अशी ठेव वाटते. प्रत्यक्षात ती दरवेळी नव्याने कामाला लागते आणि परिस्थितीनुसार कमीजास्त होते: इसबाने त्वचेचे थर बिघडलेल्या, विषाणूनाशक प्रथिने कमी पडलेल्या माणसाच्या अंगावर एरवी ओठाभोवती साधे फोड उठवणारा हर्पिसचा विषाणू भराभर पसरू शकतो. ‘उपजत बुद्धी’त कुणी न शिकवताच अंगी असणे हा अर्थ आहे, म्हणून ‘उपजत’ हाच शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो. अर्थात या पेशीही पूर्वीच्या संसर्गाची एक प्रकारची आठवण ठेवतात, असे गेल्या दीड दशकात पुढे आल्याने तोही पूर्ण निर्दोष राहिलेला नाही.

नागिणीच्या बाबतीत हा फरक व्यवहारात उतरतो. मराठीत नागीण, कन्नडमध्ये सर्पसुत्तू. दोन्हीकडे ‘अंगातली शक्ती उतरली’ असेच म्हणतात. मात्र इथे प्रथम उतरते ती पूर्वीच्या संसर्गातून शिकलेली शक्ती, म्हणजे कांजिण्यांनंतर चेतागाठींत दडून राहणाऱ्या आणि पुढे नागीण उठवणाऱ्या विषाणूला दाबून ठेवणाऱ्या टी पेशींचा (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा) जोर. त्वचेतल्या उपजत यंत्रणेची गाठ विषाणूशी पडते ती तो चेतातंतूंतून उतरून त्वचेत पोहोचल्यावर.