हिस्पॅनिक लोकांचा लठ्ठपणा: जीन्सवर (जनुकांवर) फोडलेलं खापर

अमेरिकेत 2017-18 च्या सरकारी सर्व्हेत हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेल्या घराण्यांच्या) मोठ्या माणसांत लठ्ठपणा 44.8 टक्के निघाला आणि 2 ते 19 वयाच्या मुलांत 25.6 टक्के, गोऱ्या मुलांत तो 16.1 होता. पन्नास वर्षांपूर्वी असा आकडा मिळालाच नसता, कारण मेक्सिकन, प्युर्टो रिकन, क्यूबन या सगळ्यांना एका गटात मोजायचं हे सरकारी पातळीवर ठरलंच मुळी 1976-77 मधे. मग 1982 ते 84 मधे त्यांच्यासाठी खास पहिला मोठा आरोग्य सर्व्हे झाला.

त्याआधीच, 1979 मधे, टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत मायकेल स्टर्न आणि त्यांच्या टीमने एक भारी काम सुरू केलं होतं. शहरातले तीन प्रकारचे भाग निवडले, गरीब बारिओ (मेक्सिकन वस्ती), मधल्या उत्पन्नाची वस्ती आणि पैसेवाल्यांची उपनगरं, आणि तिथल्या 25 ते 64 वयाच्या मेक्सिकन-अमेरिकन आणि गोऱ्या लोकांना तपासलं. बारिओतून उपनगराकडे जाल तसा बायकांमधला लठ्ठपणा कमी होत जातो, डायबेटिसही उतरतो, पण पुरुषांचं वजन काही तसं उतरत नाही! रक्तच तसं असतं तर पत्ता बदलल्यावर बायकांचं वजन कमी कसं झालं असतं?

तरी जीन्सवर खापर फोडणं सोपं होतं. 1962 मधे जेम्स नील यांनी मांडलेलं की दुष्काळात तगून राहायला चरबी साठवणारी जीन्स सुकाळात डायबेटिस देतात, आणि हे मूळ अमेरिकन (आदिवासी) रक्ताच्या सगळ्यांना लावलं गेलं, बऱ्याच हिस्पॅनिकांत ते रक्त असतं म्हणून त्यांनाही. पुढे पिमा आदिवासींची तुलना झाली (हे हिस्पॅनिक नव्हेत, पण मुद्दा तोच), ॲरिझोनातल्या पिमांत डायबेटिस 38 टक्के आणि मेक्सिकोच्या डोंगरात शेती करून राहणाऱ्या त्यांच्याच भाऊबंदांत 7 च्या आसपास. म्हणजे जीन्स आहेत, नाही असं नाही, 2008 मधे डॅलसच्या संशोधकांना लिव्हरमधे चरबी साठवणारा पीएनपीएलए3 या जीनचा प्रकार सापडला आणि तो हिस्पॅनिकांत सगळ्यात जास्त आहे, पण त्याला खतपाणी वजन घालतं. म्हणूनच शाळकरी पोरांना फॅटी लिव्हर होतंय. आणि ज्याला आधी मोठ्यांचा डायबेटिस म्हणायचे तो टाइप 2 सुद्धा 1990 च्या दशकापासून टीनएजर्समधे दिसायला लागला.

2008 ते 11 मधे ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगोत 16 हजारांवर हिस्पॅनिक लोक तपासले तेव्हा 'हिस्पॅनिक' या एका गटाची हवाच निघाली, डायबेटिस दक्षिण अमेरिकन मूळच्या लोकांत 10.2 टक्के तर मेक्सिकन मूळच्यांत 18.3. सरासरी काढली की हा फरक गायब.

म्हाताऱ्यांचं कोडं वेगळंच. गरिबी, वजन, साखर सगळं असूनही हिस्पॅनिक गोऱ्यांपेक्षा जास्त जगतात, आणि गरिबी असूनही त्यांची तब्येत गोऱ्यांच्या जवळपास आहे हे तर 1986 मधेच लक्षात आलं होतं. स्थलांतर करणारे मुळातच धडधाकट असतात आणि सिगरेट कमी ओढतात, ही त्याची त्यातल्या त्यात पटणारी कारणं. 2019 मधे त्यांचं सरासरी आयुर्मान 81.9 होतं, गोऱ्यांचं 78.8. कोविडमधे ते धाडकन 78 च्या आसपास आलं, त्यात गर्दीची घरं आणि घरून न करता येणाऱ्या नोकऱ्या होत्याच, शिवाय लठ्ठपणा आणि डायबेटिस असलेल्यांना कोविड जड जातो हेही होतं.