अडीच मीटर व्यासाच्या जलवाहिनीचा जीव कशात असतो?

पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, नाथसागर, काठोकाठ भरलेल्या वर्षीही छत्रपती संभाजीनगरच्या नळांना बरेच दिवसांआड पाणी आलेलं आहे. धरणात पाणी असणं आणि घरात पाणी येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधे पैठण ते शहर असं जवळपास ४० किलोमीटरचं अंतर आणि शंभर मीटरहून जास्त चढ आहे. ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या जुन्या वाहिन्या वाढत्या शहराला पुरेनात, म्हणून २५०० मिलिमीटरची नवी वाहिनी आखली गेली. आत उभं राहून हात वर केला तरी छताला सहजी लागणार नाही, एवढा हा पाइप.

एवढा मोठा कशासाठी? दिवसाला ४० कोटी लिटर पाणी न्यायचं असेल, तर या पाइपातून ते सेकंदाला साधारण ९५ सेंटिमीटर वेगाने, म्हणजे माणसाच्या संथ चालीने जातं. ४० किलोमीटरच्या घर्षणात तेव्हा जेमतेम नऊ मीटर उंचीइतका दाब खर्च होतो. व्यास निम्मा केला, तर तेवढ्याच पाण्याला घर्षण सुमारे २९ पट लागेल. पाइपावर वाचवलेले पैसे मग वर्षानुवर्षं वीजबिलात भरत बसायचे.

चढ मात्र आता टळत नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर-ए-अंबरी आणली, तिचं पाणी उत्तरेच्या डोंगरांकडून उताराने आपोआप येई. आजचं धरण शहराच्या खाली आहे. ४० कोटी लिटर पाणी एक मीटर वर चढवायला, पंप आणि मोटरची मिळून कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर रोज सुमारे १,३५० युनिट वीज लागते. शंभर मीटरचा हिशेब वाचकाने स्वतःच करावा.

पाइप टाकण्याचं काम दिसायला सोपं वाटतं: चर खणा, पाइप ठेवा, जोडा, बुजवा. १६ मिलिमीटर जाडीचा पोलाद धरला तर या पाइपाचं वजन मीटरला एक टन, आणि १२ मीटरचा एक तुकडा १२ टन. पण चरात पावसाचं पाणी भरलं, तर तोंडं बंद असलेला हाच रिकामा पाइप तरंगतो, कारण बुडाल्यावर तो मीटरमागे पाच टन पाणी बाजूला सारतो. तरंगून वर आलेली वाहिनी पुन्हा जागेवर बसत नाही, सांधे वाकतात. म्हणून सांधा जोडून झाला की लगेच माती भरायची, आणि पावसाळ्याआधी उघडा चर शिल्लक ठेवायचा नाही. भरावाला काळी माती चालत नाही. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाइपाच्या खाली आणि कुशीत, म्हणजे खालच्या दोन्ही बाजूंना, मुरूम थराथराने चोपून बसवावा लागतो. कुस पोकळ राहिली, तर वरच्या मातीच्या भाराने पाइप चपटा होऊ लागतो आणि आतल्या अस्तराला तडे जातात.

वाहिनीत पहिल्यांदा पाणी सोडताना घाई करायची नाही. अख्खी वाहिनी भरायला सुमारे साडेएकोणीस कोटी लिटर पाणी लागतं, आणि सेकंदाला ३० सेंटिमीटरच्या वेगाने भरली तर दीड दिवस जातो. त्याहून घाई केली, तर चढाच्या माथ्यांवर हवा कोंडते. कोंडलेली हवा पाण्याची वाट अरुंद करते, आणि एकदम सुटली की तिच्या मागचं पाणी आदळतं.

खरी परीक्षा होते वीज जाते तेव्हा. पंप थांबतात, पण वाहिनीतलं जवळपास दोन लाख टन पाणी लगेच थांबत नाही. ते पुढे सरकत राहतं आणि पंपाजवळचा दाब कोसळतो. दाब कोसळल्याची ही लाट पाइपातून सेकंदाला साधारण ९०० मीटर वेगाने धावते. शहराकडच्या टोकाला जाऊन परत यायला तिला दीड मिनिट लागतं. माथ्यावर दाब बाहेरच्या हवेच्या दाबाखाली उतरून जवळजवळ निर्वातापर्यंत गेला की पाण्याचा स्तंभ तिथे तुटतो. मग चढावरचं पाणी मागे फिरतं आणि तुटलेले दोन भाग एकमेकांवर येऊन धडकतात. या वाहिनीत या धडकेचा दाब ८० मीटर उंचीच्या पाण्याइतका होऊ शकतो, आणि तो नेहमीच्या दाबात मिळवायचा. हाच जलाघात. पंपाजवळची हवेची टाकी वीज जाताच आतल्या दाबलेल्या हवेच्या जोरावर वाहिनीत पाणी ढकलते आणि वेग हळूहळू उतरू देते. माथ्यावरचा एअर व्हॉल्व्ह हवा आत घेऊन पोकळी भरून काढतो, आणि पाणी परतलं की ती हवा सावकाश सोडतो.

आमच्या मते वाहिनीचा जीव या एअर व्हॉल्व्हमध्ये आहे, आणि नेमकी त्याचीच आबाळ होते. व्हॉल्व्ह ज्यात बसवतात त्या चेंबरचं झाकण उघडून पाहिलं तर आत बहुधा गाळ असतो, हवेची वाट उघड-बंद करणारा गोळा गंजाने अडकलेला असतो, किंवा पाणी घेण्यासाठी कुणीतरी व्हॉल्व्ह मुद्दाम ठोकून वाकवलेला असतो. शंभर मीटर उंचीच्या पाण्याइतक्या दाबाखाली २५ मिलिमीटरचं भोक दिवसाला ११ लाख लिटर पाणी बाहेर फेकतं. माणशी १३५ लिटर धरले, तर ते आठ हजारांहून जास्त माणसांचं पाणी झालं. त्यातही चेंबर पावसाच्या पाण्याने भरलेलं असेल, तर वीज गेल्यावर व्हॉल्व्ह हवेऐवजी तेच घाण पाणी आत ओढतो. म्हणून व्हॉल्व्हचं तोंड नळीने जमिनीच्या वर, पुराच्या पातळीपेक्षा उंच न्यायचं, वर जाळी बसवायची, आणि चेंबरच्या तळाला निचऱ्याची वाट ठेवायची.