गोंडी भाषेचे संगणकीकरण

गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा संगणकावर व मोबाइलवर लिहिता, वाचता आणि ऐकता यावी, यासाठी झालेले काम. 2011 च्या जनगणनेनुसार गोंडीभाषक सुमारे 29.8 लाख आहेत. महाराष्ट्रात त्यांची वस्ती मुख्यतः गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांत आहे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत (मान्य भाषांच्या यादीत) गोंडीला स्थान नाही. राज्याराज्यांत शाळेची भाषा वेगळी असल्याने महाराष्ट्रात गोंडी देवनागरीत, तर तेलंगणात तेलुगू लिपीत लिहिली जाते.

लिपी : गोंडीच्या स्वतःच्या अशा दोन लिपी आज प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी मसराम गोंडी ही बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी 1918 मध्ये तयार केली. गुंजाळा गोंडीचा उगम मात्र वादाचा आहे. आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावची हस्तलिखिते 2006 च्या सुमारास अभ्यासक जयधीर तिरुमलराव यांच्या शोधकार्यामुळे उजेडात आली. काही जण ती इ.स. 1750 च्या आसपासची मानतात. मजकुरात सहाव्या-सातव्या शतकांतील घटनांचे उल्लेख असल्याचे सांगतात. परंतु कथेचा काळ हा लिपीचा काळ धरता येत नाही, म्हणून अठराव्या शतकापलीकडे न जाणे बरे. लिपी स्वतंत्रपणे घडली असावी, यासाठी वर्णक्रमाचा पुरावा अधिक मोलाचा वाटतो. यातील व्यंजने ‘क’पासून सुरू होत नाहीत, त्यांचा क्रम य, व, ब, भ, म, क, ख असा आहे. शेजारच्या लिपीवरून घडवलेल्या वर्णमालेत असा क्रम सहसा येत नाही.

युनिकोड : जगभरच्या लिपींतील प्रत्येक चिन्हाला संगणकासाठी ठरावीक संकेत देणारी ही प्रमाण पद्धत. तीत लिपी-अभ्यासक अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावांवरून मसराम गोंडी 2017 मध्ये (आवृत्ती 10, 75 चिन्हे) व गुंजाळा गोंडी 2018 मध्ये (आवृत्ती 11, 63 चिन्हे) समाविष्ट झाली. देवनागरीत ‘र्क’ लिहिताना र, हलन्त, क असे तीन संकेत दिले की रफार आपोआप वर चढतो. मसराममध्ये रफाराला एक आणि ‘प्र’मधील रकाराला दुसरा असे स्वतंत्र संकेत आहेत. क्ष, ज्ञ, त्र ही जोडाक्षरे नसून एकेक सुटी अक्षरे आहेत. हलन्तही दोन : एक डोळ्यांना दिसणारा, दुसरा केवळ जोडाक्षर घडवणारा. त्यामुळे देवनागरीसाठी केलेली आज्ञावली येथे जशीच्या तशी चालत नाही. फाँट नसलेल्या मोबाइलवर अक्षराच्या जागी रिकामी चौकट उमटते.

शब्द व आवाज : लिपीला संकेत मिळाले म्हणजे भाषा यंत्रावर आली असे नव्हे. यंत्राला शिकवायला मजकूर लागतो, आणि छापील गोंडी मजकूर फार थोडा आहे. त्यातही ‘पाणी’ हा एकच शब्द कुठे एर, कुठे येर असा लिहिलेला आढळतो. यंत्र ते दोन शब्द धरते. 2014 पासून निरनिराळ्या राज्यांतील गोंडीभाषकांनी एकत्र बसून समान शब्द ठरवले. त्यातून 2018 मध्ये सुमारे 3,000 शब्दांचा कोश तयार झाला. या कामामागे असलेल्या ‘सीजीनेट स्वर’ या फोनवरून चालणाऱ्या लोकमाध्यमाने 2010 मध्येच साध्या फोनवरून बोलण्याची सोय केली होती : मिस्ड कॉल द्यायचा, उलट फोन आला की 1 दाबून आपले म्हणणे बोलायचे, 2 दाबून इतरांचे ऐकायचे. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही आपल्या भाषेत गाऱ्हाणे मांडता येते, हे या सोयीचे खरे मोल.

केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाच्या ‘आदि वाणी’ या भाषांतर-अ‍ॅपमध्ये (2025) संताळी, भिली, मुंडारी यांच्याबरोबर गोंडीही आहे. मात्र ती छत्तीसगडची. गडचिरोलीतील भामरागडच्या माडिया या गोंडीच्या बोलीचे नमुने स्वतंत्रपणे गोळा करावे लागतील.