कन्सोलला जोडायचे संगणक: दुकानापर्यंत न पोहोचलेल्या उपकरणांची पार्श्वभूमी

सप्टेंबर १९७७ मध्ये अटारी कंपनीने पुढे '२६००' या नावाने ओळखला गेलेला घरगुती व्हिडिओ गेम कन्सोल अमेरिकेत विक्रीला आणला. त्याच वर्षी ॲपल टू, कमोडोरचा पेट आणि टँडीचा टीआरएस-८० हे तीन तयार वैयक्तिक संगणकही बाजारात आले. ही दोन प्रकारची यंत्रे आतून एकमेकांच्या बरीच जवळची होती; फरक होता तो मेमरीचा, कीबोर्डचा आणि किमतीचा. साहजिकच, गेमसाठी दोनशे-तीनशे डॉलर मोजणाऱ्या पालकांच्या मनात एक शंका कायम असे, की मुलांसाठी खेळणे घ्यायचे की थोडे थांबून संगणकच घ्यायचा? कन्सोल बनवणाऱ्या कंपन्यांनी या शंकेवर जवळजवळ एकच उत्तर शोधले: आज कन्सोल घ्या, कीबोर्ड आणि मेमरी असलेला भाग आम्ही लवकरच देतो, तो जोडला की याच यंत्राचा संगणक होईल. हे उत्तर प्रत्यक्षात उतरवताना काय घडले, हे समजून घेण्यासाठी मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीच्या इंटेलिव्हिजन या कन्सोलचा इतिहास सर्वांत उपयोगी आहे.

मॅटेलने इंटेलिव्हिजनची चाचणी विक्री १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो शहरात केली आणि १९८० मध्ये तो देशभर आणला. या यंत्राच्या नावातच पुढचे आश्वासन दडलेले होते, कारण कन्सोलला कंपनी 'मास्टर कंपोनंट' म्हणत असे आणि त्याच्या जोडीला 'कीबोर्ड कंपोनंट' येणार असल्याचे सुरुवातीपासून सांगितले जात होते. अभियंता डेव्हिड चँडलर यांच्या गटाने आखलेला हा कीबोर्ड कंपोनंट म्हणजे अंगाने कन्सोलपेक्षा कितीतरी मोठी पेटी होती. तिच्या वरच्या बाजूला एक खोलगट जागा ठेवलेली असे, अख्खा मास्टर कंपोनंट तिच्यात बसवायचा आणि मग दोन्ही मिळून एक यंत्र तयार व्हायचे.

इतक्या मोठ्या पेटीची गरज का पडली, हे नीट पाहिले पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या अडचणींचे मूळ तिथेच आहे. इंटेलिव्हिजन पडद्यावर वीस स्तंभ आणि बारा ओळी एवढीच अक्षरे मांडू शकत असे. फुटबॉलचा गुणफलक दाखवायला ती पुरेशी होती. पत्र लिहायला किंवा घरखर्चाचा हिशेब मांडायला मात्र ती अपुरी होती. त्यामुळे चँडलर यांच्या गटाने पेटीत ६५०२ हा स्वतंत्र प्रोसेसर घातला, वेगळी मेमरी घातली आणि चाळीस स्तंभ व चोवीस ओळींचा मजकूर दाखवणारी स्वतंत्र व्यवस्था केली, जी कन्सोलच्या रंगीत चित्रावर आपली अक्षरे उमटवू शकत असे. म्हणजे 'जोडभाग' या नावाखाली जवळजवळ एक पूर्ण संगणकच तयार झाला होता, आणि कन्सोल त्याचा केवळ चित्र व आवाज पुरवणारा भाग उरला होता.

या यंत्रातली कॅसेटची व्यवस्था मला आजही विशेष वाटते. त्या काळातल्या बहुतेक घरगुती संगणकांना साधा टेपरेकॉर्डर जोडावा लागे, बटणे हाताने दाबावी लागत आणि टेप योग्य जागी आणून ठेवणे ही वापरणाऱ्याची जबाबदारी असे. कीबोर्ड कंपोनंटमध्ये टेप पुढे-मागे नेण्याचे काम प्रोग्रॅम स्वतः करत असे, हवा तो भाग स्वतः शोधत असे आणि त्याच टेपवर माहितीबरोबर ध्वनीसाठीही जागा राखलेली होती. त्यामुळे व्यायामगुरू जॅक लालेन यांच्या नावाने तयार केलेल्या कार्यक्रमात पडद्यावर व्यायाम दिसत असतानाच प्रत्यक्ष माणसाचा आवाज सूचना देऊ शकत असे, आणि फ्रेंच संभाषण शिकवणाऱ्या कॅसेटमध्येही उच्चार ऐकण्याची सोय होती. त्याशिवाय घरखर्चाचे नियोजन, शुद्धलेखन, भूगोल अशा विषयांवरील कार्यक्रम तयार झाले आणि बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे कार्ट्रिजही (यंत्रात खोचायची प्रोग्रॅमची डबी) झाले. घरातल्या यंत्राने शिकवावे, बोलावे आणि ऐकावे ही कल्पना इतक्या लवकर इतक्या गांभीर्याने मांडली गेली होती, याची नोंद संगणकाच्या इतिहासात अधिक ठळकपणे व्हायला हवी असे मला वाटते.

परंतु ही सारी यंत्रणा महाग होती आणि हव्या त्या किमतीत, हव्या त्या भरवशाने ती बनवणे जमेना. तारखा पुढे जात राहिल्या. १९८१ मध्ये सिअॅटल आणि न्यू ऑर्लिन्स या शहरांत तिची मर्यादित विक्री झाली, तेव्हा किंमत सुमारे ६०० डॉलर होती आणि कन्सोलची किंमत त्याहून वेगळी मोजावी लागे. याच सुमारास कमोडोरचा व्हिक-२० हा कीबोर्डसह पूर्ण संगणक ३०० डॉलरच्या आसपास मिळू लागला होता, आणि त्याच्या जाहिरातीत अभिनेता विल्यम शॅटनर प्रेक्षकांना नुसता व्हिडिओ गेमच का घ्यायचा असे विचारत असे. ज्या शंकेला उत्तर म्हणून जोडभागाची कल्पना पुढे आली होती, त्याच शंकेचा प्रतिस्पर्ध्यांनी विक्रीसाठी उपयोग करून घेतला.

दरम्यान, ज्या ग्राहकांनी केवळ या आश्वासनावर भरवसा ठेवून इंटेलिव्हिजन घेतला होता, त्यांच्या तक्रारी वाढत गेल्या. त्या ग्राहकहिताचे रक्षण करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनपर्यंत पोहोचल्या, आयोगाने चौकशी सुरू केली आणि १९८२ च्या मध्यास मॅटेलवर असा दंड बसला, की जो संगणक देण्याचा शब्द दिला होता तो बाजारात येईपर्यंत भरत राहावा लागेल. आयोगाची ही भूमिका मला योग्य वाटते. कन्सोलची खरेदी त्या आश्वासनावर झाली होती, त्यामुळे न आलेले उपकरणही विकल्या गेलेल्या वस्तूचा भाग होते.

मॅटेलची सुटका झाली ती कंपनीतल्याच दुसऱ्या एका गटामुळे. कीबोर्ड कंपोनंट कधी विकण्याजोगा होईल की नाही, याची चिंता वरिष्ठांना १९८१ च्या मध्यापासूनच वाटू लागली होती आणि डिझाइन व डेव्हलपमेंट विभागात स्वस्त पर्यायावर काम सुरू झाले होते. चँडलर यांच्या कानावर ही गोष्ट गेली तर ते आपले वजन वापरून काम बंद पाडतील, या भीतीने त्या गटाने आपला खरा हेतू गुप्त ठेवला. यातून तयार झालेला एन्टरटेनमेंट कॉम्प्युटर सिस्टीम हा जोडभाग १९८३ मध्ये विक्रीला आला. त्यात दुसरा प्रोसेसर नव्हता, चाळीस स्तंभांचा मजकूर नव्हता, बोलणारी कॅसेट नव्हती, मेमरीची भर अवघी दोन किलोबाइटची होती आणि त्यातले बेसिक जेमतेम कामापुरते होते. तरीही प्रोग्रॅम लिहिता येत होता, टेपवर साठवता येत होता आणि प्रिंटर जोडता येत होता. शब्द पाळल्याचे दाखवायला एवढे पुरेसे ठरले आणि दंड थांबला. त्याला जोडायचा एकोणपन्नास पट्ट्यांचा वाद्याचा कीबोर्ड ही खरोखर नवी भर होती.

मूळ कीबोर्ड कंपोनंट १९८२ च्या अखेरच्या महिन्यांत अधिकृतपणे रद्द झाला. तोपर्यंत सुमारे चार हजार नग तयार झाले होते. कंपनीने ते ग्राहकांकडून परत विकत घेण्याची तयारी दाखवली. ज्यांना यंत्र ठेवायचे होते त्यांच्याकडून, यापुढे नवे प्रोग्रॅम येणार नाहीत आणि दुरुस्तीची जबाबदारी कंपनीवर नाही, असे लिहून घेतले. परत आलेल्या किंवा उरलेल्या यंत्रांपैकी काही मात्र मॅटेलच्याच अभियंत्यांनी थोडे फेरफार करून नवे गेम लिहिण्यासाठी वापरली. मॅटेलचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग १९८४ च्या सुरुवातीस बंद झाला.

इतर कंपन्यांची वाटचाल थोडक्यात सांगता येते. कोलेको कंपनीने आपल्या कोलेकोव्हिजन या कन्सोलसाठी फेब्रुवारी १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात चिमुकल्या टेपवर चालणारे 'सुपर गेम मॉड्यूल' दाखवले आणि काही महिन्यांतच ते बाजूला ठेवून ॲडम नावाचा संगणक जाहीर केला, जो कोलेकोव्हिजनला जोडण्याच्या रूपातही मिळत असे. हा जोडभाग खरोखर दुकानात आला, पण सदोष नगांच्या तक्रारींनी गाजला आणि १९८५ च्या सुरुवातीस बंद झाला. अटारीने जून १९८३ मध्ये २६०० साठी 'ग्रॅज्युएट' हा कीबोर्ड जाहीर केला. २६०० ची स्वतःची मेमरी केवळ १२८ बाइट होती आणि पडद्यावरची प्रत्येक रेघ काढण्यासाठी प्रोसेसरला क्षणोक्षणी चित्राच्या चिपला माहिती पुरवावी लागे, त्यामुळे अशा यंत्राकडून मजकूर लिहून घेणे हेच मोठे दिव्य होते. ऑगस्ट १९८२ मध्ये ५९५ डॉलरला आलेला कमोडोर ६४ हा संगणक ग्रॅज्युएट जाहीर झाला त्या सुमारास जवळपास २०० डॉलरपर्यंत उतरला होता आणि व्हिक-२० तर शंभराच्या आत मिळत होता. ग्रॅज्युएट बाजारात आलाच नाही. मे १९८४ मध्ये जाहीर झालेल्या अटारी ७८०० साठीही कीबोर्डची योजना होती. जुलैमध्ये कंपनीचा घरगुती यंत्रांचा विभाग कमोडोरचे संस्थापक जॅक ट्रॅमिएल यांनी विकत घेतला, आणि १९८६ मध्ये ७८०० देशभर विक्रीला आला तो कीबोर्डविनाच.

जपानमध्ये निन्टेन्डोने मात्र १९८४ मध्ये फॅमिकॉम कन्सोलसाठी 'फॅमिली बेसिक' हा कीबोर्डचा संच प्रत्यक्ष विकला. त्या अनुभवावर जानेवारी १९८५ मध्ये अमेरिकेतील प्रदर्शनात कीबोर्ड, कॅसेट रेकॉर्डर आणि वायरविना चालणारे कंट्रोलर असलेली 'ॲडव्हान्स्ड व्हिडिओ सिस्टीम' मांडण्यात आली. तिला प्रतिसाद थंड मिळाला. ऑक्टोबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विक्रीला आलेल्या निन्टेन्डोच्या एनईएस या कन्सोलमधून कीबोर्ड आणि टेप दोन्ही वगळलेले होते, आणि त्याऐवजी दुकानदारांना पटेल असे खेळण्याचे रूप देण्यासाठी छोटा रोबो जोडीला दिला होता. कीबोर्डवाला फॅमिकॉम आशियातल्या इतर देशांत पोहोचला तो वेगळ्याच मार्गाने: १९९० च्या दशकात फॅमिकॉमच्या अनधिकृत नकलांना कीबोर्ड लावून त्या मुलांना शिकवणारे संगणक म्हणून चीनमध्ये आणि आपल्याकडेही विकल्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबरच्या कार्ट्रिजमध्ये गेमच्या शेजारी टायपिंगचा सराव आणि बऱ्याचदा बेसिकही असे.