मंदी आणि कांदा : २०१९–२० मधील केंद्र सरकारचे उपाय आणि ठाणे–नवी मुंबई

२०१९–२० या आर्थिक वर्षात देशाची अर्थव्यवस्था मंदावत होती आणि त्याच वेळी खाद्यपदार्थांचे, त्यातही कांद्याचे भाव भडकले होते. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या सरकारने ऑगस्ट २०१९ ते मार्च २०२० या काळात या दुहेरी पेचावर जे उपाय केले, त्यांचा परामर्श या नोंदीत ठाणे–नवी मुंबई पट्ट्याच्या संदर्भात घेतला आहे. मंदीवरचे उपाय ज्यांच्या नावाने झाले ते कारखाने ठाणे–बेलापूर रस्त्यालगत आणि ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीत आहेत. महागाईवरचे उपाय जिच्यावर येऊन आदळले ती कांदा-बटाट्याची घाऊक बाजारपेठ वाशीत आहे, आणि आयात कांदा ज्या न्हावा-शेवा बंदरात उतरला ते शेजारच्या उरण तालुक्यात. दोन्ही उपाय एकमेकांच्या आड कसे आले, हे इतक्या जवळून दाखवणारा दुसरा प्रदेश सहसा सापडणार नाही.

पार्श्वभूमी

सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या पायाभूत सुविधांना कर्ज देणाऱ्या कंपनीचे हप्ते थकू लागले आणि बिगरबँक वित्तसंस्थांना मिळणारा पैसा आटला. गाडीसाठी, घरासाठी, छोट्या धंद्यासाठी मिळणारे कर्ज बहुतांशी याच संस्थांकडून येत असल्यामुळे मागणीला झळ बसली. ऑगस्ट २०१९ मध्ये प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी घटली. एप्रिल–जून तिमाहीचा विकासदर ५ टक्के जाहीर झाला, पुढच्या तिमाहीचा ४.५ टक्के. माजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी १ सप्टेंबरला निवेदन काढून या घसरणीचे खापर नोटाबंदीवर आणि घाईने लागू केलेल्या जीएसटीवर फोडले.

रबाळे, महापे, तुर्भे या भागांत वाहनांचे सुटे भाग, पॅकेजिंग, रसायने आणि छोट्या अभियांत्रिकी कामांची युनिट्स दाटीने आहेत. अशा ठिकाणी मंदी आकडेवारीच्या आधी पोहोचते. आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग रात्रपाळी जाते, आणि मग ठेकेदाराच्या माणसांना ‘ब्रेक’ मिळतो. पर्मनंट कामगाराचा पगार चालू राहतो, त्यामुळे कारखान्याच्या हजेरीपटावर फारसे काही दिसत नाही. नाक्यावरच्या वडापाववाल्याला मात्र ते त्याच आठवड्यात कळते.

त्यातच २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. एचडीआयएल या बांधकाम समूहाला दिलेले प्रचंड कर्ज लपवल्याचे हे प्रकरण होते. ठाणे आणि नवी मुंबईत या बँकेच्या शाखा होत्या. खातेदारांना सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने नोव्हेंबरपर्यंत ५०,००० वर गेली. दसरा-दिवाळीच्या खरेदीचा पैसा असा बँकेतच अडकून पडला.

मंदीवरचे उपाय

सत्तेवर परतल्यावर जून २०१९ मध्येच मोदींनी स्वतःच्या अध्यक्षतेखाली दोन मंत्रिमंडळ समित्या नेमल्या होत्या, एक गुंतवणूक व विकासासाठी आणि दुसरी रोजगार व कौशल्यासाठी. १५ ऑगस्टच्या लाल किल्ल्यावरच्या भाषणात त्यांनी संपत्ती निर्माण करणाऱ्यांकडे संशयाने पाहू नये, असे आवाहन केले. पुढच्या चार महिन्यांतल्या धोरणाचा कल त्या आवाहनात आधीच उमटला होता. प्रत्यक्ष घोषणा मात्र अर्थमंत्री निर्मला सीतारामन करत राहिल्या. २३ ऑगस्टला परदेशी गुंतवणूकदारांवरचा वाढीव अधिभार मागे घेतला गेला आणि सरकारी बँकांना ७०,००० कोटींचे भांडवल तातडीने द्यायचे ठरले. ३० ऑगस्टला दहा सरकारी बँकांच्या चार बँका करण्याची घोषणा झाली. सप्टेंबरच्या मध्यावर निर्यात आणि घरबांधणीसाठी सवलती आल्या.

सर्वांत मोठा निर्णय २० सप्टेंबरचा. इतर सवलती न घेणाऱ्या देशी कंपन्यांसाठी प्राप्तिकराचा दर २२ टक्क्यांवर आला आणि नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्क्यांवर. सरकारच्या अंदाजानुसार यात वर्षाला १.४५ लाख कोटींचा महसूल सोडावा लागणार होता. त्या दिवशी सेन्सेक्स १,९०० अंशांहून अधिक वधारला.

या सवलतीचा लाभ नेमका कोणाला झाला, हे पाहायचे तर रबाळ्याच्या एखाद्या गाळ्यात जावे. ४०० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्या वर्षीच्या जुलैच्या अर्थसंकल्पानेच २५ टक्क्यांचा दर दिला होता, म्हणजे त्यांची बचत दोन-तीन टक्क्यांची. औद्योगिक वसाहतीतली असंख्य युनिट्स तर कंपनी म्हणून नोंदलेलीच नसतात. दोघे-तिघे भागीदार, चार लेथ, दहा-बारा माणसे असा त्यांचा पसारा असतो. भागीदारी संस्थेचा दर ३० टक्केच राहिला. शिवाय कर नफ्यावर लागतो. ऑर्डरच नसल्यामुळे ज्याचा नफा गेला आहे, त्याला कर कमी केल्याने ऑर्डर मिळत नाही. मोठ्या कंपन्यांचे ताळेबंद या निर्णयाने सुधारले, पण नवी यंत्रे लावावीत इतकी मागणी समोर दिसत नव्हती.

६ नोव्हेंबरला रखडलेल्या गृहप्रकल्पांसाठी २५,००० कोटींच्या निधीला मंजुरी मिळाली. घोडबंदर रस्त्यावर आणि तळोजा–पनवेल पट्ट्यात घराचा हप्ता आणि भाडे असा दुहेरी भार वाहणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने सबंध काळातला हाच उपाय सर्वांत थेट होता, पण पैसा प्रकल्पागणिक तपासणी होऊन मिळणार असल्यामुळे तो सावकाश झिरपणार हे उघड होते.

महागाईवरचे उपाय

मार्च ते मे दरम्यान निघणारा उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवला जातो आणि ऑक्टोबरपर्यंत बाजाराला पुरतो. त्यानंतर खरिपाचा लाल कांदा येतो. २०१८च्या दुष्काळामुळे साठा मुळातच कमी होता. २०१९ मध्ये पाऊस उशिरा आला आणि जाता जाईना. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसात लाल कांदा शेतातच सडला. डिसेंबरमध्ये मुंबई-ठाण्याच्या किरकोळ बाजारात कांद्याने किलोला शंभरी ओलांडली.

सरकारची पावले एकापाठोपाठ एक पडली. १३ सप्टेंबरला निर्यातीसाठी टनाला ८५० डॉलर हे किमान मूल्य ठरवण्यात आले. २९ सप्टेंबरला निर्यातच बंद झाली आणि साठ्यावर मर्यादा आली : घाऊक व्यापाऱ्याला ५०० क्विंटल, किरकोळ विक्रेत्याला १००. डिसेंबरमध्ये त्या आणखी खाली आल्या. नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने १.२ लाख टन कांद्याच्या आयातीला मान्यता दिली आणि एमएमटीसी या सरकारी कंपनीने तुर्कस्तान, इजिप्त आदी देशांशी करार केले.

निर्यातबंदी आली तेव्हा महाराष्ट्रात विधानसभेचा प्रचार चालू होता आणि २१ ऑक्टोबरला मतदान होते. कांदा पिकवणाऱ्या नाशिक जिल्ह्याचा रोष पत्करूनही केंद्राने शहरी ग्राहकाची बाजू घेतली. १९९८ मध्ये दिल्ली आणि राजस्थानातली सरकारे गेली त्यात कांद्याच्या भावाचा वाटा होता, ही आठवण भाजपमध्ये खोलवर रुजलेली आहे. डिसेंबरमध्ये लोकसभेत अर्थमंत्र्यांनी, आपण कांदा-लसणाशी फारसा संबंध नसलेल्या घरातून येतो, असे म्हटले आणि त्यावर टीकेची झोड उठली. घराघरांत त्या एका वाक्याची जेवढी चर्चा झाली तेवढी करकपातीचीही झाली नसेल.

आयात कांद्याची गोष्ट वेगळीच झाली. पिवळसर किंवा गडद लाल, आकाराने मोठा. किलोत दोन-तीनच बसायचे. तिखटपणा कमी आणि पाणी जास्त असल्यामुळे फोडणीत तो लवकर परतेना आणि मिसळीवर घातला तर चव लागेना. काही हॉटेलांनी तो घेतला, घरगुती गिऱ्हाईक मात्र महागडा नाशिकचा कांदा पाव किलो घेऊन निघून जाई. तोवर नवा लाल कांदा यायला लागला. जानेवारीच्या मध्यावर अन्न व ग्राहक व्यवहार मंत्री रामविलास पासवान यांनी दिलेल्या माहितीनुसार १८,००० टन कांदा आला होता आणि त्यातला २,००० टनच विकला गेला होता. महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी आधी नोंदवलेली मागणी मागे घेतली होती.

वाशीच्या बाजारात

भाव चढले की व्यापारी मालामाल झाला असे समजले जाते. काहींच्या बाबतीत ते खरेही असते. पण वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये सगळ्यात जास्त माणसे माथाडी, म्हणजे ओझी वाहणारे कामगार, आहेत आणि त्यांचा हिशेब वेगळा आहे. १९६९च्या माथाडी कायद्यामागे अण्णासाहेब पाटील यांनी उभारलेली चळवळ होती. त्या कायद्याने या कामगारांना मंडळ, भविष्य निर्वाह निधी आणि बोनस मिळाला, तरी मजुरी उचललेल्या मालावरच राहिली. गाळ्यासमोर ट्रक लागला की टोळी गोण्या उतरवते, थप्पी लावते, तोलाई होते, आणि गोण्यांच्या संख्येवर टोळीची कमाई ठरते. कांदा किलोला दहा रुपये असो की शंभर, गोणीचा दर तोच. त्या हिवाळ्यात आवक घटल्यामुळे गोण्या कमी झाल्या आणि कमाईही. संध्याकाळी घरी जाताना त्याच माणसाला कांदा चढ्या भावाने विकत घ्यावा लागे. मंदी आणि महागाई एकदम येते म्हणजे काय होते, हे समजून घ्यायला अर्थशास्त्राच्या आलेखापेक्षा माथाडीचे पगारपत्रक जास्त उपयोगी आहे.

साठामर्यादेचा परिणामही इथेच दिसतो. मोठ्या व्यापाऱ्याकडे एका दिवशी चार-पाच ट्रक आले की मर्यादा जवळ येते. मग तो माल कमी मागवतो, म्हणजे ज्या टंचाईवर उपाय म्हणून नियम आला तीच थोडी वाढते. साठेबाजी होत नाही असे नव्हे. पण चाळीत मालच नसताना साठेबाज शोधत फिरणे हा सरकारांचा जुनाच छंद आहे, आणि त्यात पक्षभेद नाही.

उपायांतील विसंगती

फेब्रुवारी ते ऑक्टोबर २०१९ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, पाच वेळा कमी करून ६.५ वरून ५.१५ टक्क्यांवर आणला होता. डिसेंबरमध्ये आणखी कपात होईल अशी सर्वांची अपेक्षा होती, पण हा दर ठरवणाऱ्या पतधोरण समितीने एकमताने हात आखडता घेतला. किरकोळ महागाई डिसेंबरमध्ये ७.३५ टक्क्यांवर आणि जानेवारीत ७.५९ टक्क्यांवर गेली, म्हणजे रिझर्व्ह बँकेला घालून दिलेल्या ६ टक्क्यांच्या वरच्या मर्यादेच्या बाहेर. डिसेंबरमधली भाजीपाल्याची भाववाढ तर ६० टक्क्यांच्या घरात होती. व्याजदरातली कपात रोखली ती कारखान्यात बनलेल्या मालाच्या नव्हे, मुख्यतः भाज्यांच्या भावाने. दुसरीकडे, खेड्यांतून मागणी यावी म्हणून मोटरसायकल आणि टीव्हीच्या कंपन्या डोळे लावून बसल्या असताना निर्यातबंदीने कांदा उत्पादकाच्या हातात पडणारा पैसा कमी केला. शहरातला भाव आणि गावातली मिळकत या एकाच तराजूच्या दोन बाजू असल्याचे दिल्लीतल्या निर्णयांत कुठेच उमटले नाही.

१९७४ शी तुलना इथे उद्बोधक ठरते. तेव्हा तेलसंकट आणि दुष्काळानंतरच्या भडक्यात इंदिरा गांधींच्या सरकारने जुलैमध्ये अध्यादेश काढून सारी पगारवाढ आणि वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा हिस्सा सक्तीच्या ठेवीत वळवला होता. ठाणे–बेलापूरच्या कारखान्यांत संघटित कामगारांची पिढी नुकतीच स्थिरावत होती, आणि महागाई रोखण्याची किंमत तिच्या पगारातून वसूल झाली. २०१९ मध्ये उलट दिशेने, मंदी हटवण्यासाठी पैसा कंपन्यांकडे गेला. कामगाराच्या खिशातून काही काढून घेतले नाही, तसे त्यात काही घातलेही नाही.

पंतप्रधान या काळात मंदीवर क्वचितच बोलले. २० डिसेंबरला असोचॅम या उद्योग-व्यापार संघटनेच्या शताब्दी कार्यक्रमात, अर्थव्यवस्थेत असे चढउतार पूर्वीही आले आहेत आणि देश त्यातून बाहेर पडेल, असे त्यांनी सांगितले आणि आधीच्या सरकारच्या काळात एका तिमाहीत विकासदर ३.५ टक्क्यांवर गेल्याची आठवण करून दिली. ९ जानेवारी २०२० रोजी निती आयोगात त्यांनी अर्थतज्ज्ञांशी चर्चा केली. १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पाने प्राप्तिकराची ऐच्छिक नवी रचना आणली आणि कंपन्यांवरचा लाभांश वितरण कर रद्द केला.

पुढील घटना

फेब्रुवारीत कांद्याची आवक वाढून भाव उतरू लागले. निर्यातबंदी उठवण्याची अधिसूचना २ मार्चला निघाली आणि १५ मार्चपासून निर्यात खुली झाली. दहा दिवसांत देशभर टाळेबंदी आली. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेने रेपो दर एकदम पाऊण टक्क्याने कमी केला, आणि मे महिन्यात करोनाच्या फैलावामुळे वाशीचे बाजार आठवडाभर बंद ठेवावे लागले. १४ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने कांद्याची निर्यात पुन्हा बंद केली.