फ्रेंच की कारो-कान? एका घराचा फरक

बुद्धिबळात पांढऱ्याने ई४ (ई या उभ्या पट्टीतलं चौथं घर) खेळल्यावर काळ्याचं प्यादं ई६वर आलं तर तो फ्रेंच बचाव, सी६वर आलं तर कारो-कान बचाव. पुढची जोडी दोन्हींत सारखीच: डी४, डी५. नोव्हेंबर २०२५मध्ये हडफड्याला झालेल्या विश्वचषकाचे डाव पटावर लावून शिकणाऱ्या गोव्यातल्या मुलांनी इथेच थांबून बघावं, कारण एकीची चाल दुसरीत घुसडली की काळा गुदमरतो.

सगळा प्रश्न सी८वरच्या उंटाचा. फ्रेंचमध्ये ई६चं प्यादं त्याची वाट अडवतं. कारो-कानमध्ये वाट मोकळी असते: पांढऱ्याने ई५ रेटलं की आधी उंट एफ५, मगच ई६. क्रम उलटलात तर हाती फ्रेंचच उरते, तीही एक चाल मागे पडलेली. केंद्र फोडायला सी५ लागतंच. फ्रेंचमध्ये ते प्यादं एका झेपेत जातं, कारो-कानमध्ये दोन चाली खर्चतात.

कारो-कानमध्येही ई५नंतर लगेच सी५ खेळतात, पण हिशोब वेगळा. फ्रेंचमध्ये पांढऱ्याने ते मारलं तर एफ८चा उंट थेट वसूल करतो. इथे ई७चं प्यादं उंटाच्या आड असतं. ते हलेपर्यंत पांढरा बी४ किंवा उंट ई३ने जिंकलेलं प्यादं राखायला बघतो. तयारीशिवाय या वाटेला जाऊ नये.

सापळेही वेगळे. फ्रेंचमध्ये ई५, सी५, सी३, घोडा सी६, घोडा एफ३, वजीर बी६, उंट डी३ असं झालं आणि डी४वर प्याद्यांची मारामारी झाली की तिथलं पांढरं प्यादं फुकट दिसतं. घोड्याने मारलं, घोडे कापले गेले, काळा वजीर डी४वर आला, की पांढरा उंट बी५वर शह देतो. तो हटल्याने डी१च्या वजिराची रांग उघडते आणि काळा वजीर जातो. आधी उंट डी७वर आणा. मग बी५वरून शहच बसत नाही आणि तेच प्यादं मारता येतं.

कारो-कानमधला सापळा थेट मात देणारा. घोडा सी३, ई४वर मारामारी, काळा घोडा डी७. आता पांढरा वजीर ई२वर आला आणि सवयीने जी८चा घोडा एफ६वर काढला, तर पांढरा घोडा डी६वर येऊन सहाव्या चालीत मात. ई७चं प्यादं वजिरामुळे पिन झालेलं (हललं तर राजालाच शह), म्हणून घोडा मारता येत नाही. अशा वेळी डी७चाच घोडा एफ६वर न्यावा, म्हणजे डी६वर काळ्या वजिराची नजर राहते.